कलेच्या इतिहासाला शिडी कशाला?

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाने प्रबोधनकाळापासून आजपर्यंतच्या कलेची ओळख करून देणारा आपला लोकप्रिय प्रास्ताविक अभ्यासक्रम बंद करण्याचे आणि त्याच्या जागी वेगवेगळ्या विषयांवरचे अनेक अभ्यासक्रम आणण्याचे ठरवले, तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. एका बाजूने म्हटले गेले की पाश्चात्य संस्कृतीचा वारसा राजकीय दबावापायी गुंडाळला जात आहे. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की गोऱ्या युरोपीय पुरुषांची चरित्रे म्हणजे जगाच्या कलेचा इतिहास नव्हे. त्याच वर्षी आपल्याकडे नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, भारतीय ज्ञानपरंपरेवर त्यात भर दिला गेला आणि कलामहाविद्यालयांच्या वर्तुळात हाच वाद आपल्या भाषेत सुरू झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रीक स्तंभांचे प्रकार आणि इम्प्रेशनिझम या फ्रेंच चित्रशैलीची वैशिष्ट्ये कशाला शिकवायची, त्यापेक्षा चित्रसूत्र आणि षडंग ही चित्रकलेची प्राचीन भारतीय शास्त्रे शिकवा, असे काही जण म्हणतात. तर तसे केले तर आपली मुले जगाच्या मागे पडतील, असे दुसऱ्यांना वाटते. हा वाद दोन्हीकडे चुकीच्या मुद्द्यावर लढला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रमात कुणाची कला किती टक्के असावी हा प्रश्न दुय्यम आहे. गुहाचित्रांपासून सुरू होऊन इजिप्त, ग्रीस, रोम, गॉथिक, रेनेसाँस (म्हणजे प्रबोधनकाळ) असे एकेक पायरी चढत आधुनिक चळवळींपर्यंत पोहोचणारी जी शिडी आपण कलेचा इतिहास म्हणून मुलांच्या हाती देतो, ती शिडीच मुळात सदोष आहे. तिच्यावरून युरोप उतरवून भारत चढवला, तरी दोष जिथल्या तिथे राहतो.

ही शिडी कुठून आली, हे आधी पाहायला हवे, कारण ती निसर्गदत्त असल्यासारखी आपल्या पाठ्यपुस्तकांत येते. १५५० मध्ये फ्लॉरेन्समध्ये काम करणाऱ्या जोर्जो वासारीने इटालियन कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांची तीन युगे पाडली: जोत्तोच्या काळचे बालपण, मासाच्चोच्या काळचे तारुण्य आणि मायकेलअँजेलोच्या रूपाने आलेली परिपूर्णता. वासारी स्वतः चित्रकार होता, मायकेलअँजेलोचा भक्त होता आणि तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या आश्रयाला होता. फ्लॉरेन्सची कला हे मानवी कलेचे शिखर आहे असे त्याला वाटले, तर त्यात नवल नाही. नवल याचे की पावणेपाचशे वर्षांनंतर मुंबईत किंवा कोल्हापुरात बसून आपण त्याच मापाने मोजतो. पुढे १७६४ मध्ये जर्मन कलेतिहासकार विंकेलमानने प्राचीन कलेचा इतिहास लिहिताना उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास हीच चौकट ग्रीसला लावली. त्याने पाहिलेल्या बहुतेक मूर्ती ग्रीक मूर्तींच्या रोमन प्रतिकृती होत्या आणि त्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या, म्हणून पांढरेपणा हेच ग्रीक सौंदर्याचे लक्षण ठरले. मूळ मूर्ती रंगवलेल्या होत्या. हा समज इतका घट्ट बसला की १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे तांब्याच्या अवजारांनी आणि घासणीने खरवडून ‘पांढरी’ करण्यात आली. सिद्धांताला पुरावा जुळेना, म्हणून पुरावाच घासून काढला गेला.

शिडीमुळे होणारे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तज्ज्ञांना दिसेनाशी होते. १८७९ मध्ये स्पेनमधील अल्तामिरा गुहेच्या छतावर रेड्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनांची रंगीत चित्रे मार्सेलिनो दे साउतुओला याच्या लहान मुलीच्या नजरेस पडली. ती अश्मयुगीन आहेत असे त्याने पुढच्याच वर्षी जाहीरपणे मांडले, आणि युरोपातील मान्यवर पुरातत्त्वज्ञांनी ते फेटाळले. दगडाची हत्यारे वापरणाऱ्या माणसाला इतके कसदार चित्र काढता येणे शक्य नाही, तेव्हा हे कुणा समकालीन चित्रकाराकडून काढून घेतलेले बनावट काम असावे, असा आरोप त्याच्यावर झाला. साउतुओला १८८८ मध्ये तो डाग घेऊनच वारला. फ्रान्समध्ये तशाच गुहा एकामागून एक सापडल्यावर, १९०२ मध्ये, विरोधकांतला प्रमुख असलेल्या एमिल कार्ताइयाक याने आपली चूक लेख लिहून कबूल केली. विद्वत्तेत तो कुणाला हरणारा नव्हता. कला पायरीपायरीने सुधारत जाते असे एकदा मानले की पहिल्या पायरीवरच्या माणसाला चांगले चित्र काढण्याची परवानगीच उरत नाही, ही खरी अडचण होती.

हाच प्रकार १९१० मध्ये नायजेरियातील इफे येथे घडला. जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनिअस याने तेथील धातूची आणि भाजलेल्या मातीची अत्यंत संयत, शरीरशास्त्रदृष्ट्या अचूक शीर्षे पाहिली आणि ती आफ्रिकी माणसाने घडवली असतील ही शक्यता विचारात घेण्याऐवजी, समुद्रात बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीक वसाहतीची ही खूण आहे, असा निष्कर्ष काढला. एका काल्पनिक खंडावर विश्वास ठेवणे त्याला समोरच्या लोकांवर विश्वास ठेवण्यापेक्षा सोपे गेले. १९३८ मध्ये त्याच गावात घरासाठी खणताना तशी डझनाहून अधिक शीर्षे मिळाली. ती युरोपीय जहाजे त्या किनाऱ्याला लागण्याच्या काळाआधीची स्थानिक कामे आहेत, हे आता कुणी नाकारत नाही. आणि गुहाचित्रांच्या अंतर्गतही शिडी टिकली नाही. फ्रान्समधील लॅस्को गुहेची चित्रे साधारण सतरा हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. त्यामागची हजारो वर्षे ओबडधोबड प्रयत्नांची असणार, अशा क्रमाने फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लरवा-गुराँ यांनी शैलींचे टप्पे आखले होते. डिसेंबर १९९४ मध्ये फ्रान्समध्येच शोवे गुहा सापडली. तिच्यातील कोळशाने छटा दिलेले सिंह आणि गेंडे लॅस्कोपेक्षा बारा-पंधरा हजार वर्षांनी, कदाचित त्याहूनही अधिक काळाने, जुने निघाले आणि कौशल्यात कणभरही कमी निघाले नाहीत. मग या शिडीवर वर कोण आणि खाली कोण?

येथे माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आधी सन-सनावळ्यांचा कणा हवा असतो. कोण कुणाच्या आधी, कुणाला काय ठाऊक होते, कोणते साधन केव्हा हाती आले, हे कळल्याशिवाय त्याच्या डोक्यात चित्रांचा नुसता ढीग होतो. अभ्यासक्रम विषयवार केले की ‘देह’, ‘सत्ता’, ‘निसर्ग’ अशा मथळ्यांखाली बाराव्या शतकातले शिल्प आणि परवाचे मांडणशिल्प शेजारी येऊन बसतात आणि विद्यार्थी दोन्हींविषयी सारख्याच आत्मविश्वासाने काहीही बोलू लागतो. असे घडते, आणि ते वाईट आहे. कालक्रम सोडून देण्याची सूचना म्हणूनच मला मान्य नाही.

पण कालक्रम आणि प्रगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिडीचे समर्थक त्या जाणूनबुजून एकत्र ठेवतात. आधी आणि नंतर हे काळाचे नाते आहे; कच्चे आणि पक्के हा मूल्याचा निवाडा आहे. इजिप्तच्या चित्रातील माणसाचे तोंड बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून आणि पाय पुन्हा बाजूने दाखवलेले असतात, हे आपल्या नोट्समध्ये ‘यथार्थदर्शनाचा अभाव’ म्हणून लिहिलेले असते. अभाव कसला? त्या कारागिराकडे तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत उभ्या माणसाचे अठरा चौकोन पाडणारी काटेकोर जाळी होती. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील नेबामुनच्या थडग्यात पाणथळीतले पक्षी, फुलपाखरे आणि शिकार साधणारे मांजर ज्याने रंगवले, त्याला नजरेसमोरचे हुबेहूब टिपता येत नव्हते असे म्हणण्याचे धाडस ते चित्र पाहिलेला माणूस करणार नाही. मृताला परलोकात देहाचा प्रत्येक अवयव पूर्ण मिळावा हे त्या चित्राचे काम होते, आणि ते काम एका बाजूने पाहिलेल्या, अर्धा हात झाकलेल्या आकृतीने झाले नसते. अभाव शोधण्याआधी काम विचारावे, एवढीच अपेक्षा आहे.

विशेष म्हणजे ही दृष्टी शिकण्यासाठी युरोप टाकून द्यावा लागत नाही. रोममध्ये ३१५ साली उभारलेल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर आधीच्या सम्राटांच्या स्मारकांतून काढून आणलेली गोलाईदार शिल्पे आणि चौथ्या शतकातील बुटक्या, एका ओळीत उभ्या असलेल्या आकृतींचे पट्टे एकमेकांना लागून आहेत. अमेरिकी कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सनसारख्या रसिकाला त्यात आकाराचा ऱ्हास दिसला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये, व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलोइस रीगल याने उत्तर रोमन काळाला ऱ्हास म्हणणेच चूक आहे, त्या काळाला वेगळे काही साधायचे होते, असे सविस्तर मांडले होते. म्हणजे शिडी नाकारण्याचे हत्यार पाश्चात्य कलेतिहासाच्या आतच तयार झालेले आहे. ‘पाश्चात्य’ म्हणून सरसकट काढून टाकणाऱ्यांच्या हातून वासारीबरोबर रीगलही जाईल.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. आपल्या मुलांना आपली कला आधी कळावी, या मागणीत तथ्य आहे, आणि त्या तथ्याला मोठा पूर्वेतिहास आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ ची. ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून तासन्‌तास रेखाटन करणे हा तिथल्या शिक्षणाचा पाया होता. त्याच संस्थेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या, पण ते अभ्यासक्रमाचे केंद्र झाले नाही. आजही पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलांना मायकेलअँजेलोचा डेव्हिड किती उंच आहे ते सांगता येते आणि पितळखोऱ्याचे लेणे कोणत्या तालुक्यात आहे ते सांगता येत नाही. ही लाजिरवाणी स्थिती आहे आणि ती बदलायला हवी.

मात्र ती कशी बदलू नये, याचा धडा कलकत्त्याने १९व्या शतकाच्या अखेरीसच गिरवलेला आहे. १८९६ मध्ये ई. बी. हॅवेल तेथील सरकारी कलाशाळेचा प्राचार्य झाला आणि त्याने अभ्यासक्रमातून युरोपीय नमुने हटवून भारतीय कला केंद्रस्थानी आणायला सुरुवात केली. यावर उठाव कुणी केला? इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्हे, बंगाली विद्यार्थ्यांनी. रणदाप्रसाद गुप्त यांच्या पुढाकाराने काही जणांनी शाळा सोडली आणि ज्युबिली आर्ट अकॅडमी काढली. देशी वृत्तपत्रांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. आम्हाला पाश्चात्य तंत्र शिकू न देता कायमचे कारागीर ठेवण्याचा हा डाव आहे, अशी त्यांची शंका होती, आणि परकीय राजवटीत ती शंका अवाजवी म्हणता येणार नाही. काय शिकायचे याचा निर्णय शिकणाऱ्याच्या वतीने दुसऱ्यानेच घेतला की स्वदेशीही लादलेली वाटते, हे आजच्या धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

हॅवेलच्या मांडणीत आणखी एक पेच होता. युरोपची कला दृश्याला चिकटलेली, भारताची आध्यात्मिक, म्हणून भारताची श्रेष्ठ, असा त्याचा एकूण सूर होता. १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत, भारतात अधिकारी राहिलेल्या जॉर्ज बर्डवुडने जाव्यातील बुद्धमूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली, तेव्हा हॅवेलच्या बाजूने अनेक कलावंत उभे राहिले आणि त्यातून भारतीय कलेचा पुरस्कार करणारी इंडिया सोसायटी जन्मली. ते योग्यच झाले. पण बर्डवुड आणि हॅवेल दोघेही एकाच स्पर्धेचे पंच होते, निकाल तेवढा वेगळा देत होते. तीच गत बुद्धाची मूर्ती प्रथम कुणी घडवली या वादाची. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद फुशे यांनी तिचे श्रेय गांधारमधल्या ग्रीक प्रभावाला दिले, कलेतिहासकार आनंद कुमारस्वामींनी १९२७ मध्ये मथुरेच्या यक्षप्रतिमांची परंपरा दाखवून ते खोडले. कुमारस्वामींचे विवेचन कितीतरी समृद्ध आहे, तरी ‘पहिला कोण’ या प्रश्नाने अर्धे शतक इतके खाल्ले की मूर्तीची गरज का भासली, आधी चिन्हांवर भागत होते ते का भागेनासे झाले, हा अधिक मोलाचा प्रश्न मागे पडला. ‘अजिंठ्याच्या चित्रकारांनी रेनेसाँसच्या हजार वर्षे आधी छायाप्रकाश साधला होता’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. त्या वाक्यात परीक्षक कोण आहे? फ्लॉरेन्स. अजिंठा तिथे केवळ लवकर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आहे. सतराव्या लेण्याच्या भिंतीवर कथा काळाच्या क्रमाने न मांडता स्थळाच्या क्रमाने मांडलेल्या दिसतात, एकाच वाड्यात वेगवेगळ्या वेळी घडलेले प्रसंग एकाच जागी गोळा होतात आणि पाहणाऱ्याला त्या वास्तूत फिरल्यासारखे पाहावे लागते. या रचनेविषयी फ्लॉरेन्सची मोजपट्टी काही बोलूच शकत नाही; आणि अभिमानाच्या भरात आपणही बोलत नाही.

मग शिकवायचे काय? माझे उत्तर असे की वस्तू कशाची केली, कुणाच्या पैशाने केली, कोणत्या हातांनी केली, कुठे ठेवण्यासाठी केली आणि आज ती कुठे, कशी आली, हे प्रश्न प्रत्येक कृतीला विचारत कालक्रमाने चालावे. हे रूक्ष वाटेल. प्रत्यक्षात याहून रंजक काही नाही. एकट्या निळ्या रंगाचे पाहा. अजिंठ्याच्या चित्रांतील बहुतेक रंग आसपासच्या दगडमातीतून आणि काजळीतून मिळालेले आहेत, पण त्यातला गडद निळा लाजवर्द या खड्याचा आहे आणि तो बदख्शानच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या, डोंगरांतून आलेला आहे. तोच निळा हजार वर्षांनी व्हेनिसच्या बाजारात उतरत होता आणि सोन्याच्या तोडीने विकला जात होता. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने चित्रकार दोमेनिको गिर्लांदायोशी चर्चच्या वेदीमागच्या चित्राचा करार केला, तेव्हा त्यात एकशे पंधरा फ्लोरिनांच्या (म्हणजे तिथल्या सोन्याच्या नाण्यांच्या) मोबदल्याबरोबरच निळा रंग औंसाला चार फ्लोरिन किमतीचाच वापरावा, अशी अट घातली. ‘प्रतिभावंत’ चित्रकाराला रंगाची प्रत ठरवून देणारे गिऱ्हाईक एकदा दिसले की रेनेसाँसचा सारा तेजोवलय लावलेला इतिहास जमिनीवर येतो, आणि माझ्या मते अधिक देखणा होतो.

त्या कराराच्या शेजारी आपले शिलालेख ठेवा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यावर वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्यावर बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मकांचा मंत्री भव्विराज याच्या स्मृतीसाठी दान दिल्याची नोंद आहे. आणखी मागे जाऊन कार्ल्याच्या चैत्यगृहात या. तेथे वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह आहे अशी ग्वाही देतो, तर आतल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची आणि दाराशी एका गंध्याची, म्हणजे सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याची, नावे आहेत. एका सुताराचेही नाव लेण्यावर कोरलेले आहे. खांबाखांबाने दान गोळा करून उभे राहिलेले हे बांधीव नव्हे तर कोरीव दालन, आणि एका मंत्र्याने एकहाती उचललेले अजिंठ्याचे विहार, यांच्या खर्चाच्या पद्धतींत फरक आहे, म्हणून कामाच्या वेगात, एकसारखेपणात आणि अर्धवट राहिलेल्या भागांतही फरक आहे. शैलीची वैशिष्ट्ये पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हे कधी विचारायचे सुचत नाही, कारण त्याच्या पुस्तकात राजवंश असतात, हिशेब नसतात.

अशा प्रश्नांनी चालू लागलो की देशांच्या सीमा आपोआप सैल होतात. मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तींशी घट्ट नाते सांगणारी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे मिळाली. व्हेसुव्हिअसच्या इसवी सन ७९ मधील उद्रेकात ती गाडली गेली होती. उलट दिशेने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. ‘रोमन कला’ आणि ‘सातवाहनकालीन कला’ ही दोन प्रकरणे पुस्तकात शंभर पानांच्या अंतरावर असतात. त्या काळच्या व्यापाऱ्याला ती एकाच गलबतात सापडत होती. पुढे १५८० मध्ये गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्पला छापलेले सचित्र बायबल फतेहपूर सिक्रीला अकबरासमोर ठेवले. दरबारातल्या चित्रकारांनी युरोपीय ठसाचित्रांचा असा अभ्यास केला की अबुल हसनने पोरवयात, १६०० मध्ये, जर्मन चित्रकार ड्युररच्या संत जॉनची प्रत काढली. आणि साधारण साठ वर्षांनी ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट आशियाई कागदावर मुघल लघुचित्रांच्या प्रती काढत बसला होता. त्यांतल्या वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. जपानी चित्रकार होकुसाईची ती सुप्रसिद्ध लाट, १८३१ च्या सुमाराची, ज्या निळ्याने रंगली तो प्रशियन ब्लू बर्लिनमध्ये तयार झाला होता, आणि त्या जपानी काष्ठठशांनी भारावून व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या चित्रांच्या तैलप्रती केल्या. यांत कोण कुणाच्या पायरीवर उभा आहे, हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो.

यावर एक जाणकार आक्षेप येईल आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. ‘देवाणघेवाण’ हा गोड शब्द वापरला की लूट झाकली जाते. आजच्या नायजेरियातील बेनिनच्या राजवाड्यातील पितळी फलक १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने शहर जाळून नेले. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची नक्षीदार शिल्पे लंडनला गेली ती कुणी भेट दिली म्हणून नव्हे. सगळे एकमेकांकडून शिकले, असे हसतमुखाने सांगणे म्हणजे दरोड्याला पाहुणचार म्हणणे आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच वस्तू आज कुठे आहे आणि कशी गेली, हा प्रश्न मी यादीत घातला. उलट, ही लूट शिडीनेच अधिक बेमालूमपणे लपवली आहे. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा संचालक आल्फ्रेड बार याने अमूर्त कलेची वंशावळ दाखवणारा तक्ता काढला. त्यात क्युबिझम, फ्युचरिझम, कन्स्ट्रक्टिव्हिझम या युरोपीय चळवळींना सन आहेत, गावे आहेत, एकमेकांकडे जाणारे बाण आहेत. जपानी ठसे, मध्यपूर्वेची कला आणि आफ्रिकी शिल्प यांना मात्र लाल चौकटीतला एकेक शब्द. कुठल्या गावचे शिल्प, कुठल्या शतकातले, पॅरिसला कसे पोहोचले, काही नाही; त्यांनी पिकासोला १९०७ मध्ये उपयोगी पडावे एवढेच त्यांचे इतिहासातले काम. तक्ता सुबक होता, म्हणून जगभरच्या वर्गांत फळ्यावर उतरला, आपल्याकडेही.

त्याच तक्त्याने आपल्या आधुनिक चित्रकारांवर केलेला अन्याय अजून फिटलेला नाही. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य लिहिले गेले: यांच्यावर पाश्चात्य आधुनिक कलेचा प्रभाव होता. पिकासोने आफ्रिकी मुखवट्याकडून घेतले तर ते प्रतिभेचे लक्षण आणि सूझाने पिकासोकडून घेतले तर ती उसनवारी, हा न्याय कुठला? शिडीचा, कारण तिच्यावर वरचा खालून घेतो तेव्हा तो शोध असतो आणि खालचा वरून घेतो तेव्हा नक्कल. सूझाच्या ताठ, काळ्या बाह्यरेषांनी जखडलेल्या संतांत साळगावच्या लहानपणातले गोव्याचे चर्च किती आहे आणि मथुरेची शिल्पे किती, हे पाहायला मग कुणी थांबत नाही. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि रंगपात्याने थरावर थर चढवत आणि खरवडत जे साधत होते, त्याला ‘अमूर्त अभिव्यक्तिवाद, भारतीय आवृत्ती’ म्हणणाऱ्याने ते चित्र पाहिलेलेच नसते. आणि या तक्त्यांतून बायका का गायब आहेत, याचे उत्तर अमेरिकी कलेतिहासकार लिंडा नॉकलिनने १९७१ मध्येच दिले होते: नग्न देहाच्या अभ्यासवर्गांत स्त्रियांना शतकानुशतके प्रवेश नव्हता, आणि त्याच अभ्यासावर मोठेपणाची परीक्षा घेतली जात होती. प्रतिभेची मोजणी करण्याआधी दाराशी कोण उभे होते ते विचारावे लागते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कलामहाविद्यालयात कलेच्या इतिहासाला स्वतंत्र शिक्षक असतोच असे नाही, ग्रंथालयात जुनी पुस्तके असतात आणि परीक्षा तोंडावर असते. अशा वेळी पायऱ्यांची यादी हाच शिक्षकाला आधार वाटतो. हे मी नाकारत नाही. परंतु शिडी शिकवायला पॅरिस आणि फ्लॉरेन्सची उत्तम छायाचित्रे लागतात, तर मी सांगतो त्या पद्धतीला जवळचे लेणे, गावातले वीरगळ, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब आणि गणपतीच्या कारखान्यातला मातीकाम करणारा माणूसही चालतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात असिरियाचे शिल्पपट आहेत. तेथेच डिसेंबर २०२३ पासून भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोमची शिल्पे शेजारी शेजारी मांडून दाखवली गेली, आणि त्या दालनात कुणालाही शिडीची उणीव भासली नाही. खरी अडचण प्रश्नपत्रिकेची आहे. ‘अजिंठा शैलीची वैशिष्ट्ये लिहा’ आणि ‘रेनेसाँस कलेची वैशिष्ट्ये लिहा’ हे प्रश्न जोवर विचारले जातील, तोवर अभ्यासक्रमावर ‘भारतीय’ असे लिहा नाहीतर ‘जागतिक’, वर्गात यादीच पाठ होईल. त्याऐवजी गिर्लांदायोच्या करारातील निळ्या रंगाची अट आणि सव्विसाव्या लेण्यावरील दानलेख समोर ठेवून, पैसे देणाऱ्याला या दोन ठिकाणी नेमके काय हवे होते आणि त्याचा कामावर काय परिणाम झालेला दिसतो, असे पंधरा गुणांसाठी विचारता येईल. त्यासाठी नवे धोरण लागत नाही, समिती लागत नाही, आणि एकही युरोपीय किंवा भारतीय कलावंत अभ्यासक्रमाबाहेर काढावा लागत नाही. येत्या परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मनावर घ्यावे एवढेच लागते.